रस्त्याखालच्या जमिनीची किंमत

कोणाही घरमालकाला त्याच्या जागेचा भाव विचारा. उत्तर त्याच्या ओठांवर तयार असते. शासनही याबाबतीत मागे नाही. महाराष्ट्रात रेडी रेकनर, गुजरातेत जंत्री, मध्यप्रदेशात कलेक्टर गाइडलाइन अशी नावे घेऊन हा भाव चक्क छापील मिळतो. परंतु त्याच घराच्या उंबऱ्याबाहेर जो रस्ता आहे, त्याच्या भूमीची किंमत काय, असे विचारले तर मालक आणि अधिकारी दोघेही प्रश्नकर्त्याकडे संशयाने पाहतील. जी विकावयाचीच नाही, तिची किंमत कसली?

हिशेबाच्या वह्यांनीही हीच वृत्ती स्वीकारलेली दिसते. २००४ साली नगरपालिकांसाठी जी राष्ट्रीय लेखानियमावली तयार झाली, तिच्यानुसार विनामूल्य मिळालेली मालमत्ता १ रुपया या नाममात्र किमतीने नोंदवावयाची असते. नव्या वसाहतींतील अंतर्गत रस्ते वसाहत वसविणाऱ्याकडून नगरपालिकेकडे बहुधा असेच येतात. म्हणजे ज्याच्या दुतर्फा लाखो रुपयांची घरे उभी आहेत, तो रस्ता नियमाप्रमाणे १ रुपयाचा!

वस्तुतः तो फुकट मिळालेला नसतो. त्याची किंमत भूखंड घेणाऱ्यांनी आपल्या भूखंडाच्या भावातच मोजलेली असते. भूसंपादनाच्या खटल्यांत न्यायालये हे उघडपणे मान्य करतात. लहान भूखंडांच्या विक्रीवरून मोठ्या सलग शेताचे मोल ठरवावयाचे असेल, तेव्हा रस्ते, गटारे आणि मोकळ्या जागा यांच्यासाठी ती वजावट करतात. ही वजावट स्थळकाळाप्रमाणे बदलते, पण पुष्कळदा एक-तृतीयांशाच्या आसपास असते.

मग रस्त्याचे मोल काढावे तरी कसे? सर्वांत सोपी रीत म्हणजे शेजारच्या जमिनीचा भाव रस्त्याला लावणे. समजा, एक गल्ली २०० मीटर लांब व ९ मीटर रुंद आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंस जमीन ५०,००० रुपये चौरस मीटर आहे. १,८०० चौरस मीटरांची किंमत झाली ९ कोटी रुपये. गुणाकार बिनचूक आहे; पण श्रोतेहो, त्यातील तर्क तपासून पाहा. शेजारच्या जमिनीला हा भाव आला कशामुळे? समोर गल्ली आहे म्हणून. ती गल्ली ९ कोटींना विकून टाकली, तर दोन्ही बाजूंची घरे वाटेवाचून कोंडली जातील आणि ज्या भावाने आपण गुणाकार केला तो भावच नाहीसा होईल. शिवाय ही लांबट पट्टी. तिच्या पोटातून पाण्याचे नळ आणि सांडपाण्याच्या वाहिन्या गेलेल्या. तिच्यावर घर बांधणार कोण?

तेव्हा सगळ्या रस्त्यांची एकत्र किंमत काढून थक्क होण्यात फारसा अर्थ नाही. अर्थ आहे तो कडेच्या एकेका मीटरच्या किमतीला. रस्ता असावा की नसावा हा प्रश्न क्वचितच येतो. तो ९ मीटर असावा की ७, हा मात्र प्रत्येक नव्या आराखड्यात येतो. आपल्या उदाहरणात ते २ मीटर म्हणजे २ कोटी रुपये होत.

अमेरिकेतील नगररचनेचे अभ्यासक ॲडम मिलार्ड-बॉल यांनी २० मोठ्या काउंट्यांतील निवासी रस्ते मोजून २०२१ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. घरापर्यंत पोहोचण्यास किमान १६ फूट रुंदी पुरते, तर प्रत्यक्षात रस्त्याची जागा सरासरी ५५ फूट निघाली. आणि त्या रस्त्यांखालच्या जमिनीची किंमत त्यांनी ९५९ अब्ज डॉलर काढली. ही रुंदी लोकांनी मागून घेतलेली नव्हती. बहुतेक ठिकाणी नियमानेच तेवढी सक्तीची होती. आपल्या जुन्या पेठांची स्थिती याच्या उलट आहे, हे खरे. तिथे अग्निशामक बंब शिरणेही कठीण. अमेरिकेचा आकडा तिथे लावणे हास्यास्पद ठरेल.

पण हा विचार आपल्याकडे अगदीच परका नाही. १९१६ साली बडोद्यासाठी अहवाल लिहिणारे पॅट्रिक गेडीस यांनी १९१८ साली होळकर दरबारला इंदूरच्या नगररचनेचा अहवाल सादर केला. जुन्या वस्तीतून सरळ, रुंद रस्ते कापीत नेण्यास त्यांचा विरोध असे. अशा रस्त्याने घरे तर जातातच, पण अनावश्यक रुंदीची फरसबंदी आणि झाडलोट यांचा खर्च नगरपालिकेच्या गळ्यात कायमचा पडतो. मोडकळीला आलेली घरे तेवढी काढावीत, गल्ल्या गल्ल्याच ठेवाव्यात आणि सुटलेली जागा चौकाला, झाडाला द्यावी, असा त्यांचा रोख होता.

रस्त्याची जमीन नगरपालिकेकडे निहित असते, तरी ती मालकाप्रमाणे वागू शकत नाही. उत्तर भारतातील मंगलौर नगरपालिकेला रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत गांधीजींचा पुतळा, पाणपोई आणि वाचनालय उभारावयाचे होते. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले. रस्ता म्हणून राखण्यास जे लागते, तेवढाच तिचा अधिकार, असा निर्णय दिला. हेतू इतका सोज्ज्वळ असूनही!

आणि याच जागेवर आपण मोटारी उभ्या करतो. एका मोटारीला अडीच मीटर रुंद व ५ मीटर लांब, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. वरच्याच भावाने तिची किंमत ६,२५,००० रुपये. त्यावर वर्षाला ६ टक्के धरले तरी महिन्याचे भाडे ३,१२५ रुपये होते. गाडीमालक म्हणेल, मी मोटारीचा कर भरला आहे. तो कर मोटार चालविण्याचा आहे. रात्रंदिवस एका जागी उभी ठेवण्याचा नव्हे. तिच्याच शेजारी दीड मीटर जागेत बसलेली भाजीवाली बैठकीची पावती घेते आणि तरीही अतिक्रमणाची गाडी आली की तिलाच टोपली उचलावी लागते.

इंदूरच्या सराफ्यात दिवसा दागिन्यांची दुकाने चालतात. रात्री ती बंद झाली की त्यांच्याच दारांसमोर खाद्यपदार्थांचे ठेले लागतात. एकच जमीन दोन पाळ्यांत कामाला येते आणि त्यासाठी एक इंचही रस्ता रुंद करावा लागलेला नाही. मात्र त्या दाराशी रात्रभर एखादी मोटार उभी राहिली, तर दुसरी पाळी तिथेच बुडते.