वसंतातील आरोग्यरक्षण
(श्रीमठाच्या वर्धापनोत्सवात दिलेले व्याख्यान)

 मठाच्या व्यासपीठावरून आत्म्याविषयी बोलावे, शरीराचे पाल्हाळ कशाला, असे कोणाच्या मनात येणे साहजिक आहे. परंतु ज्या पंचांगाने आपली व्रते आणि उत्सव चालतात, त्याच पंचांगाशी आपल्या पूर्वजांनी आहारविहाराचीही सांगड घातली आहे. शिवाय आज दुपारी महाप्रसादाची पंगत बसणार आहे. तेव्हा चार गोष्टी पंगतीआधीच सांगितलेल्या बऱ्या!

वसंताला ऋतुराज म्हणतात. आंबा मोहोरतो, पळस-पांगारे लालभडक होतात, कोकिळेला कंठ फुटतो. आणि याच दिवसांत घरोघरी सर्दी, पडसे, खोकला, अन्नावरची वासना उडणे, अंग जड होणे, दमेकऱ्याचा दमा उसळणे हे प्रकार सुरू होतात. सृष्टी इतकी प्रसन्न असताना मनुष्य असा मलूल का होतो, या प्रश्नाचे उत्तर चरकाने सूत्रस्थानाच्या सहाव्या अध्यायात दिले आहे. थंडीच्या दिवसांत शरीरात कफ साठतो. वसंतातील सूर्यकिरणांनी तो पातळ होऊन हलू लागतो आणि जठराग्नीला मंद करतो, असा त्याचा आशय आहे. थंडीत बाटलीत थिजलेले खोबरेल फाल्गुनात आपोआप वितळते, ते डोळ्यांपुढे आणले म्हणजे ही कल्पना कळण्यास अवघड जात नाही. आजचे वैद्यकशास्त्र याच दुखण्यांची कारणे निराळ्या भाषेत मांडते: हवेत उडणारे परागकण, दिवसाची उष्णता व पहाटेचा गारवा यांतील मोठे अंतर, आणि या दिवसांत वेगाने पसरणारे रोगजंतू. दोन्ही भाषांचा शब्दाला शब्द जुळविण्याचा हट्ट मी धरीत नाही. या ऋतूत शरीराला जपावे लागते, या अनुभवावर दोघांचे एकमत आहे आणि आपल्याला तेवढे पुरे.

जपावे म्हणजे काय करावे? येथे बहुतेकांची समजूत उलटी असते. आरोग्य म्हटले की लोक विचारतात, ‘काय घेऊ?’ कोणता काढा, कोणते चूर्ण, कोणता रस? हेमंताच्या बाबतीत हा प्रश्न योग्य आहे. त्या वेळी अग्नी प्रबळ असतो, डिंकाचे लाडू पचतात. वसंताची ऋतुचर्या मात्र मुख्यतः सोडण्याची आहे. जड, तेलातुपाचे, आंबट आणि गोड पदार्थ कमी करावे आणि दिवसा झोपू नये, असे चरक व वाग्भट दोघेही सांगतात. घेण्यासारखे जे आहे ते अगदी साधे आहे: जुने धान्य, जव, गहू, थोडा मध, सुंठ किंवा नागरमोथा घालून उकळलेले पाणी. माझ्या मते आपल्या भागात याचा व्यवहारातला अर्थ असा की, नव्या तांदळाऐवजी वर्षाचा जुना तांदूळ घ्यावा आणि तोही जरा भाजून शिजवावा; नाचणीची भाकरी किंवा आंबील, मुगाचे कढण, कारले आणि या दिवसांत झाडांना लगडलेल्या शेवग्याच्या शेंगा यांना पानात मानाची जागा द्यावी. सुंठेचे पाणी करावयाचे तर दोन लिटर पाण्यास एक लहानसा तुकडा पुरतो. ज्यांना पित्ताचा त्रास आहे त्यांनी तोही घालू नये.

दह्याविषयी विशेष सांगितले पाहिजे. शरद, ग्रीष्म आणि वसंत या तीन ऋतूंत दही सहसा वर्ज्य समजावे, असे चरकाचे स्पष्ट मत आहे. आणि आपला पाडवा श्रीखंडावाचून होत नाही! पाडव्याच्या सकाळी कडुलिंबाची दोन पाने तोंडात टाकून आपण वैद्यशास्त्राचा मान राखतो आणि दुपारी श्रीखंड-पुरीवर ताव मारून तो परत घेतो. सणाच्या एका दिवसाविषयी माझी तक्रार नाही. देवाला नैवेद्य दाखविलेला प्रसाद आनंदाने घ्यावा. तक्रार आहे ती पाडव्यापासून अक्षय्यतृतीयेपर्यंत न तुटणाऱ्या मेजवान्यांच्या साखळीविषयी. घुसळलेले, लोणी काढलेले, जिरे-सैंधव घातलेले पातळ ताक ही निराळी वस्तू आहे आणि ते ज्याला मानवते त्याने अवश्य घ्यावे.

येथे एखादी चाणाक्ष गृहिणी मला अडवील. आंबट-गोड वर्ज्य म्हणता, मग चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीची डाळ आणि पन्हे का? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर मला सुश्रुतात सापडते. सुश्रुताने ऋतूंची गणना दोन प्रकारे केली आहे. एका गणनेत चैत्र-वैशाख हा वसंत. दुसरीत फाल्गुन-चैत्र हा वसंत आणि वैशाखापासून ग्रीष्म. इंदूर-ग्वाल्हेरकडे राहणाऱ्या आपल्या बांधवांना फाल्गुनात पहाटेची शाल लागते. आपल्या गोव्यात शिगमा होतो न होतो तोच घामाच्या धारा सुरू होतात. तेव्हा समुद्रकाठच्या माणसाने दुसरी गणना धरावी हे उचित. चैत्रगौरीचा उत्सव चैत्र शुद्ध तृतीयेला सुरू होऊन वैशाखातील अक्षय्यतृतीयेला संपतो. म्हणजे तो ग्रीष्माच्या उंबरठ्यावरचा उत्सव आहे. ग्रीष्मात पातळ, थंड, गोड पेये घ्यावी असे शास्त्रच सांगते. पन्ह्याची जागा तेथे आहे आणि आमसुलाच्या सरबताचीही. फाल्गुनातल्या गार पहाटे मात्र ती नाही.

एक ऋतू संपून दुसरा लागताना पहिल्याचे शेवटचे सात आणि दुसऱ्याचे पहिले सात असे चौदा दिवस वाग्भटाने ऋतुसंधी म्हणून वेगळे काढले आहेत. या काळात जुनी राहणी हळूहळू सोडावी आणि नवी हळूहळू धरावी. पहिल्या उकाड्याच्या दिवशी शीतकपाटातील बर्फाचे पाणी घटाघटा पिणारा मनुष्य हा नियम मोडतो आणि घसा धरून बसतो. माठाचे पाणी पुरेसे थंड असते.

आपल्या सणांत ऋतुचर्येची काही अंगे सुरेख गुंफली गेली आहेत. पाडव्याला कडुलिंबाच्या कोवळ्या पानांत मिरी, हिंग, ओवा, जिरे, सैंधव घालून प्रसाद करतात. बेळगावकडे आणि पलीकडे कर्नाटकात उगादीला बेवू-बेल्ल, म्हणजे कडुलिंब व गूळ, देतात. भाषा वेगळी, चव तीच. रामनवमीचा सुंठवडा तर सर्वांच्या आवडीचा. वाग्भटाच्या सुंठेच्या पाण्याचा हा धाकटा, गोड भाऊ म्हणावा. परंतु दोन पाने खाऊन वर्षभराचे आरोग्य पदरात पडते, असे समजणे भाबडेपणाचे होईल. कडू रस रुची आणतो. तो रोज थोडा पोटात जावा, याची ती आठवण आहे.

आता झोपेचे. दुपारची झोप हा गोवेकराचा जन्मसिद्ध हक्क आहे आणि त्यावर हात टाकण्याचे धाडस मी जपूनच करतो. निरोगी माणसाला दिवसा झोपण्याची मोकळीक शास्त्राने दिली आहे ती ग्रीष्मात. वृद्ध, बालक, आजारी, रात्री जागलेला, श्रमाने थकलेला यांना ती केव्हाही आहे. बाकीच्यांनी वसंतात भरल्या पोटी आडवे होण्याऐवजी बसल्या बसल्या वामकुक्षीपुरते डोळे मिटावे आणि उठावे. व्यायाम या ऋतूत अवश्य करावा, पण अर्ध्या शक्तीने. ही अर्धी शक्ती ओळखण्याची खूण सुश्रुताने दिली आहे: श्वास तोंडाने घ्यावा लागला की थांबावे. सूर्योदयापूर्वी देवळापर्यंत चालत जाऊन परत येणे हा साठीपुढच्या मंडळींना उत्तम व्यायाम होय.

नैसर्गिक म्हटले की निरुपद्रवी, असा एक समज हल्ली फार बळावला आहे. त्याविषयी मला कठोरपणे बोलणे भाग आहे. ग्रंथांत वसंतात वमन सांगितले आहे, हे खरे. परंतु ते पूर्वतयारी करून, रोग्याचे बल पाहून, वैद्याने समोर बसून करावयाचे कर्म आहे. मिठाचे पाणी पिऊन घरच्या घरी उलट्या काढणे म्हणजे वमन नव्हे. रक्तदाब, हृद्रोग किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्याला ते घातक ठरू शकते. मध उत्तम, पण वर्षाच्या आतील मुलाला मधाचे बोटही चाटवू नये. मधात कधी कधी असणारी काही जंतूंची बीजे मोठ्यांच्या पोटात निरुपद्रवी राहतात आणि तान्ह्याच्या आतड्यात मात्र विष तयार करतात. कडुलिंबाचे तेल लहान मुलांना पाजल्याने त्यांच्या जिवावर बेतल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. मधुमेह्यांनी औषध घेऊन चैत्रातील निरंकार उपवास करू नयेत. देव त्यांच्यावर रुष्ट होणार नाही.

वसंताचा आणि देवीच्या रोगाचा संबंध आपल्या आजीपणजींना चांगला ठाऊक होता. शीतळामातेची पूजा त्याच भीतीतून घराघरांत आली. मुंबईत 1802 साली एका तीन वर्षांच्या मुलीला देवीची पहिली लस टोचली गेली. 1975 साली भारतात देवीचा शेवटचा रोगी आढळला आणि 1980 साली सर्व जगातून तो रोग नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. गोवर आणि कांजिण्या मात्र अजून याच दिवसांत येतात. मुलाला वेगळ्या खोलीत ठेवावे, बाहेरच्यांना आत येऊ देऊ नये, दारावर कडुलिंबाचा डहाळा बांधावा, ही जुनी चाल मी मोडा म्हणणार नाही. डहाळा पाहून शेजारची मुले दूर राहतात, हा त्याचा फार मोठा उपयोग आहे. पण गोवर झालेल्या मुलाला ‘आई आली आहे’ म्हणून औषध न देणे, धाप लागली तरी इस्पितळात न नेणे, ही भक्ती नव्हे. गोवर-रुबेलाची लस नवव्या महिन्यानंतर एकदा आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान पुन्हा टोचून घ्यावी. ती सरकारी आरोग्यकेंद्रांत विनामूल्य मिळते.

शेवटची गोष्ट आपल्या भागाची, आणि आज मी मुख्यतः ती सांगण्यासाठी उभा आहे. वसंत हा आपल्याकडे काजूचा हंगाम. बागांत बोंडे वेचणे, पातेरा गोळा करणे, गुरे रानात सोडणे, सरपण आणणे हे सारे याच महिन्यांत. याच कोरड्या महिन्यांत रानातील बारीक गोचिडी सर्वांत अधिक असतात. 1957 साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या रानात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने पडू लागली. तेव्हा या माकडतापाचा शोध लागला. पुढे हा रोग सह्याद्रीच्या कडेने उत्तरेकडे सरकत आला. 2015 साली तो आपल्या सत्तरीत आला, 2016 साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात. त्यात बळी गेले ते बहुतेक कष्टकरी लोक.

हा ताप माणसापासून माणसाला होत नाही. तो गोचिडीच्या चावण्याने होतो. एकाएकी चढलेला कडक ताप, असह्य डोकेदुखी, कंबर व अंग मोडून येणे, डोळे लाल होणे, उलट्या. पुढे काहींना रक्तस्राव. काही रोग्यांचा ताप उतरून आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा उलटतो. त्यावर रामबाण औषध नाही. वेळीच इस्पितळात नेऊन शुश्रूषा झाली तर बहुतेक रोगी वाचतात. कोणत्याही काढ्याने तो थांबत नाही, हे या व्यासपीठावरून स्पष्ट सांगणे मी माझे कर्तव्य समजतो.

येथे बसलेल्यांपैकी अनेकांच्या काजूच्या बागा आहेत, कुळागरे आहेत. बोंडे वेचणाऱ्या मजुरांना पूर्ण बाह्यांचे कपडे, लांब पाटलोणी आणि बूट देणे हे बागाईतदाराचे काम आहे. दिवसाच्या मजुरीतून ते त्या बायाबापड्यांना परवडत नाही. गोचिडींना दूर ठेवणारे तेल आरोग्यखाते देते. ते आणून कामाआधी त्यांच्या हातापायांना लावायला सांगावे. पातेऱ्यावर बसू नये, निजू नये. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकावे, साबणाने अंघोळ करावी, कानामागे, काखेत आणि गुडघ्यामागे गोचीड शोधावी. रानात मेलेले माकड दिसले तर त्याला हात न लावता आरोग्यकेंद्रास कळवावे. माकडाला हनुमंताचे रूप मानून त्याचे अंत्यसंस्कार करण्याची आपली चाल आहे. तेवढ्यापुरती श्रद्धा आवरावी आणि ते काम खात्याच्या माणसांवर सोपवावे. आणि ताप आलाच, तर वैद्यापुढे बसताच पहिले वाक्य हे सांगावे की, मागच्या पंधरवड्यात मी रानात गेलो होतो.