पंचशील : बोलण्यातले आणि वागण्यातले
(देवळाली कॅम्प येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



देवळालीत तोफेचा आवाज झाला तर कोणी दचकत नाही. फाळणीनंतर १९४७ साली काकूलची तोफखाना शाळा येथे आली, आणि तेव्हापासून ह्या गावाचा देशाच्या संरक्षणाशी निकटचा संबंध आहे. जगाच्या राजकारणाचे वारे फिरले म्हणजे राष्ट्राच्या नेत्यांनी कसे वागावे, हा प्रश्न म्हणूनच मी येथे मांडीत आहे. तो दिल्लीतील मुत्सद्द्यांचा आहे, आपला नव्हे, असे कित्येकांस वाटते. बाबासाहेबांस तसे वाटत नव्हते.

२९ एप्रिल १९५४ रोजी भारत व चीन यांच्यात तिबेटसंबंधी करार झाला. त्यातील पाच तत्त्वांस पंचशील हे आपल्या धम्मातील नाव मिळाले. देश नुकताच स्वतंत्र झालेला व दरिद्री होता. शांतता राहावी व पैसा उभारणीस लागावा, ही पंडित नेहरूंची इच्छा खोटी नव्हती. परंतु चिनी सैन्य १९५० सालीच तिबेटात शिरले होते. २६ ऑगस्ट १९५४ रोजी बाबासाहेबांनी राज्यसभेत ह्यावरच बोट ठेवले. माओंची पंचशीलावर श्रद्धा असती तर आपल्या देशातील बौद्धांशी ते निराळे वागले असते, असे ते म्हणाले. ल्हासा चीनच्या ताब्यात जाऊ दिल्याने चीनची सीमा आपल्या सीमेस येऊन भिडली, हेही त्यांनी सांगितले.

ह्यावरून बाबासाहेब युद्धाचे भोक्ते होते असे कोणी समजू नये. १९५१ साली मंत्रिमंडळ सोडताना दिलेल्या निवेदनात त्यांची तक्रार हीच होती की, वर्षाच्या ३५० कोटी उत्पन्नापैकी सुमारे १८० कोटी सैन्यावर खर्च होतात, कारण संकटात धावून येईल असा मित्र आपण राखला नाही. सैन्याचा खर्च वाढला की गरिबाच्या शाळेस व दवाखान्यास कात्री लागते, हे ते जाणून होते.

तो करार आठ वर्षांचा होता. जून १९६२ मध्ये त्याची मुदत संपली आणि २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला. त्याच दिवसांत अमेरिका व रशिया क्यूबावरून अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर उभे होते. अलिप्ततेचा पुरस्कार करणाऱ्या नेहरूंस अखेर केनेडींकडे मदत मागावी लागली. संरक्षणखाते यशवंतराव चव्हाणांकडे आले. १९६३ साली ते आपल्या ह्याच नाशिक मतदारसंघातून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. डोंगरी लढाईसाठी नव्या डिव्हिजन उभ्या राहिल्या, पाच वर्षांची संरक्षण योजना आखली गेली. हे सर्व आवश्यक होते. परंतु ते पराभवानंतर झाले. धुरीणांच्या चुकीचे मोल धुरीण देत नाहीत. ते जवान देतो, आणि त्याच्या मागे राहिलेली माता व पत्नी देते.

ही केवळ जुनी गोष्ट नव्हे. नोव्हेंबर २०१८ मध्ये येथेच देवळालीत के-९ वज्र तोफा सैन्यात दाखल झाल्या. १५ जून २०२० रोजी गलवानच्या खोऱ्यात आपले वीस जवान कामी आले, आणि २०२१ साली त्याच जातीच्या तोफा लडाखच्या थंडीत उभ्या होत्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये सीमेवरील गस्तीविषयी दोन्ही देशांत पुन्हा समझोता झाला. समझोता चांगलाच आहे. पण तो कागदावर किती सुंदर आहे हे न पाहता सीमेवर कसा पाळला जातो हेच पाहिले पाहिजे.

भगवान बुद्धांनी कालामांस काय शिकविले? कोणी थोर सांगतो म्हणून मानू नका. अनुभवाने पारखून घ्या. हीच कसोटी राष्ट्रांच्या मैत्रीसही लावावयाची आहे. चिनी जनतेचा द्वेष करणे हा आपला मार्ग नव्हे. पण आपल्या प्रतिनिधीस प्रश्न विचारणे हा आपला हक्क आहे, आणि हा हक्क बाबासाहेबांच्या घटनेने आपणांस दिला आहे. आपला मित्र कोण, त्याची वागणूक कशी, आणि सैन्याच्या खर्चापायी मुलांच्या शिक्षणाचे काय झाले, असे तीन प्रश्न त्यास विचारा. वर्तमानपत्र घरी आणा, ते मोठ्याने वाचा, स्त्रियांसही त्या चर्चेत बसवा. मैत्री डोळे उघडे ठेवून करावी, डोळे मिटून नव्हे.

जय भीम!