चंडोलाची नखी

लार्कस्परच्या फुलामागं एक लांब टोक असतं. इंग्रजांना त्यात चंडोल पक्ष्याची मागची नखी दिसली, म्हणून हे नाव. लिनियसनं मात्र १७५३ मध्ये या फुलाला ग्रीक वीर एजॅक्सचं नाव दिलं. एजॅक्सच्या रक्तातून उगवलेल्या फुलावर विलापाची अक्षरं उमटली, अशी जुनी कथा आहे. पाकळ्यांवरच्या रेघांत लोकांनी तीच अक्षरं वाचली. कवीला एवढं निमित्त पुरतं.

रोप मूळचं भूमध्य सागराकडचं, थंडीत वाढणारं आणि ऊन तापलं की बी टाकून मरणारं. म्हणून आपल्याकडे दिवाळीनंतर, रात्री गार झाल्यावरच पेरावं. उकाड्यात बी नुसतं पडून राहतं. पाव इंच मातीखाली झाका, त्याला अंधार लागतो. दोन-तीन आठवडे धीर धरा. सोटमूळ असल्यानं जागा बदललेली या रोपाला सोसत नाही, तेव्हा कायमच्या जागीच पेरून वीतभर अंतरानं विरळणी करा. विरळताना जीव तुटतो, पण दाटीत फुलोरा खुरटतो.

आता महत्त्वाचं. हे झाड विषारी आहे, आणि बी सर्वांत जास्त. आमच्या घरी नानवर, लोणच्यात कलौंजी असते. तीही याच कुळातली, आणि दोन्ही बिया काळ्या, बारीक. शेंगा तडकण्याआधी बी जरूर काढा, पण पुडी स्वयंपाकघरात ठेवू नका आणि तिच्यावर ठळक अक्षरात नाव लिहा.