बढती का अडते?

(आपल्या संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



अमरावती व अकोला या दोन्ही जिल्ह्यांत आपल्या ज्ञातीची पुष्कळ कुटुंबे शेतीवाडीच्या जोडीला सरकारी नोकरीवर उभी आहेत. मुलगा कचेरीत लागला की घर निश्चिंत होते. दहा-पंधरा वर्षांनी मात्र एक प्रश्न घरात शिरतो. बरोबरीचे वर गेले, आपला माणूस तेथेच का? मग कोणी साडेसातीला बोल लावतो, कोणी साहेबाला. आणि पुष्कळदा त्या माणसालाच नाकर्ता ठरविले जाते. त्याच्या मुलीची सोयरीक जुळविताना देखील हा विषय निघतो. आम्हांस आज एवढेच सांगावयाचे आहे की, असा निवाडा देण्यापूर्वी ज्येष्ठतेची यादी वाचावी. बढती पुष्कळदा त्या यादीतच अडलेली असते.

पहिला दाखला आपल्या वऱ्हाडचाच घेऊ. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत वऱ्हाड मध्यप्रदेशात होते व राजधानी नागपूर होती. दुसऱ्या दिवशी ते द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. मूळचे मुंबईचे, मध्यप्रदेशातून आलेले आणि हैदराबादेतून आलेले असे निरनिराळ्या प्रकारचे नोकर एका यादीत बसवावयाचे होते. पदांची नावे निराळी, पगार निराळे, परीक्षाही निराळ्या. कामाचे स्वरूप, जबाबदारी व अधिकार, किमान पात्रता आणि वेतन या चार कसोट्यांवर कोणते पद कशाच्या बरोबरीचे हे ठरावयाचे होते. राज्यपुनर्रचना कायद्याच्या ११५ व्या कलमाने सेवाशर्तींना संरक्षणही दिले होते. तरीही वाद वर्षानुवर्षे चालले. विक्रीकर खात्यातील अशा एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली सांगितले की, बढतीसाठी आपला विचार व्हावा हा नोकराचा हक्क आहे; परंतु बढतीची नुसती संधी ही सेवाशर्त नव्हे. यादी लांबली व संधी घटली, एवढ्यावरून तक्रार टिकत नाही. हा निकाल लागेपर्यंत पंचवीस वर्षे लोटली होती. तेवढ्या काळात एखाद्याची उभी नोकरी सरते. त्याला नाकर्ता कोणी म्हणावे?

दुसरे कारण जागांचे. कचेरीची रचना देवळाच्या शिखरासारखी, वर निमुळती होत जाणारी असते. कारकुनांच्या जागा अनेक, अव्वल कारकुनांच्या थोड्या, नायब तहसीलदारांच्या त्याहून थोड्या. वरची जागा रिकामी झाल्याविना खालचा चढत नाही. आणि एकाच वर्षी मोठी भरती झाली असेल, तर ते सारे समवयस्क एकमेकांची वाट अडवून उभे राहतात. हे ओळखूनच शासनाने आश्वासित प्रगती योजना आणली. सातव्या वेतन आयोगापासून तिचे टप्पे १०, २० व ३० वर्षांचे आहेत. तीत वरचे वेतन मिळते, वरची खुर्ची मिळत नाही. हा भेद घरच्यांनी जाणून घ्यावा.

तिसरे कारण बदलीचे, आणि ते घराघराशी निगडित आहे. महसुली कारकुनाची ज्येष्ठता जिल्ह्यापुरती धरली जाते. अकोल्याचा कारकून स्वतःच्या विनंतीवरून अमरावतीस आला, तर सामान्यतः त्यास तेथील यादीत तळाशी बसावे लागते. अंतर सुमारे शंभर किलोमीटरचे. परंतु त्याची किंमत दहा वर्षांची ज्येष्ठता असू शकते. वृद्ध आईवडिलांसाठी वा मुलांच्या शिक्षणासाठी ही किंमत मोजणारे आपल्यात आहेत. घरासाठी ज्याने हे सोडले, त्यालाच घराने 'मागे पडला' म्हणून हिणवावे, यासारखा अन्याय नाही.

आता जे आपल्या हाती आहे त्याविषयी. विभागीय परीक्षा विहित मुदतीत व विहित संधींत उत्तीर्ण व्हावीच लागते; त्यात चुकले तर ज्येष्ठता जाते. तात्पुरती यादी निघाली की आपले नाव, जन्मतारीख व नेमणुकीची तारीख तपासावी आणि हरकत मुदतीत, लेखी द्यावी. गोपनीय अहवालातील शेरे मागून पाहावे. सीमा रस्ते संघटनेतील एका अभियंत्याची बढती 'चांगला' या शेऱ्यामुळे अडली होती. कारण तेथे 'अतिशय चांगला' असा शेरा लागत होता आणि झालेला शेरा त्यास कळविलेलाच नव्हता. त्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली ठरविले की, शेरा बरा असो वा वाईट, तो नोकरास कळविलाच पाहिजे.

ज्ञातिसंस्थेने साहेबांकडे शब्द टाकावा, अशी अपेक्षा काही जण बाळगतात. वशिल्याने एखादा वर जाईलही. परंतु त्याच मार्गाने उद्या दुसरा आपल्या मुलास मागे सारील. त्यापेक्षा आपल्यातील सेवानिवृत्त मंडळींनी महिन्यातून एक रविवार द्यावा, तरुणांना नियम समजावून सांगावे, अर्ज लिहावयास शिकवावे व परीक्षेची तयारी करून घ्यावी, ही आमची विनंती आहे. त्याला पैसा फारसा लागत नाही, आस्था लागते.

जे आळसाने राहिले, त्यांना अवश्य खडसवा. परंतु जो यादीने राहिला, त्याला घरात व समाजात पूर्वीचाच मान द्या. पदाची पाटी सेवानिवृत्तीच्या दिवशी उतरते. प्रामाणिकपणे केलेले काम त्यानंतरही लोकांच्या ध्यानात राहते.