डॉक्टरकीचा अधिकार गावाच्या हाती

डॉ. अभय बंग यांच्या कारकिर्दीत एक प्रश्न सातत्याने पुढे येतो: डॉक्टरच्या हातचे कोणते काम गावातल्या बाईच्या हाती निर्धोकपणे सोपवता येईल? अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतल्यावर त्यांनी व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली, तेव्हा चंद्रपुरातून वेगळ्या झालेल्या त्या जिल्ह्याला जेमतेम चार वर्षे झाली होती.

तेथील बालमृत्यूंत न्यूमोनियाचा वाटा मोठा होता. त्याचे निदान स्टेथोस्कोपाविनाही होऊ शकते. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला साठ वा त्याहून जास्त, आणि त्यापुढे वर्षापर्यंतच्या बाळाचे पन्नास वा जास्त पडत असतील, तर न्यूमोनियाचा संशय घ्यावा, असा निकष आहे. परंतु अक्षरओळख नसलेल्या दाईला इतके आकडे मोजणे कठीण होते, म्हणून मिनिटभराची वाळूची घटिका आणि मण्यांची रांग असलेले एक साधे साधन तयार करण्यात आले, ज्यात दर दहा श्वासांमागे एक मणी सरकवायचा आणि वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली तर तो न्यूमोनिया समजायचा. रोगनिदानाचा निकष तोच राहिला, फक्त तो दाईच्या बोटांना पेलेल असा झाला, आणि या कारकिर्दीतील सर्वांत सुंदर कल्पना म्हणून तिच्याकडेच बोट दाखवावे लागेल. गावपातळीवर निदान करून केलेल्या उपचारांनी न्यूमोनियाचे बालमृत्यू घटल्याचा अभ्यास १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

पुढची पायरी अधिक धाडसाची होती. जन्मापासूनचे पहिले २८ दिवस, म्हणजे नवजात काळ, यांतील मृत्यू रोखण्यासाठी ३९ गावांतील ‘आरोग्यदूत’ स्त्रियांना बाळ गुदमरल्यास श्वास देणे, वजन करणे, ऊब राखणे आणि रक्तातील जंतुदोषाची लक्षणे ओळखून जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे शिकवण्यात आले. इंजेक्शन गावातल्या बाईने द्यावे, ही गोष्ट वैद्यकीय व्यवसायाला पचणे सोपे नव्हते. म्हणूनच प्रत्येक जन्म-मृत्यूची नोंद आणि तुलनेसाठी निवडलेली ४७ गावे यांना महत्त्व होते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला.

भारत सरकारने २०११ मध्ये आशा कार्यकर्तींमार्फत नवजात बाळांच्या गृहभेटी देशभर सुरू केल्या. त्या योजनेत भेटी, वजन व धोक्याची लक्षणे ओळखणे आले, इंजेक्शन मात्र आशांच्या हाती आले नाही. २०१४ मध्ये विशिष्ट परिस्थितीत ते देण्याची मुभा मिळाली ती परिचारिकेला. प्रयोगाचा सोपा भाग स्वीकारून अवघड भाग बाजूला ठेवण्याची ही सावधगिरी समजण्याजोगी असली, तरी जेथे परिचारिका वेळेवर पोहोचत नाही तेथे या सावधगिरीची किंमत बाळ मोजते.

नवी मुंबईच्या वाशीत महापालिकेचे सार्वजनिक रुग्णालय आणि अनेक खासगी रुग्णालये हाकेच्या अंतरावर असताना हा प्रश्न दूरच्या जंगलाचा वाटू शकतो. पण तुर्भे वा दिघ्याच्या वस्तीतील बाळंतीण रुग्णालयातून घरी परतली की पुढचे धोक्याचे दिवस तीही घरातच काढते, आणि बाळाने दूध ओढणे कमी केले आहे किंवा त्याचे अंग गार पडले आहे, हे तेथेही प्रथम कोणाला तरी घरातच ओळखावे लागते.