ओढ्यातलं लाकूड : काढावं कुठलं, ठेवावं कुठलं



वळवाचा पाऊस सुरू झाला की काठावरचं एखादं उंबर, एखादा करंज वाऱ्यानं ओढ्यात पडतो. मृगाआधी ओढा साफ करायचा म्हणून आपण ट्रॅक्टर लावून सगळं ओढून काढतो. नोकरीच्या सुरुवातीला मीही हाच सल्ला देत असे. वेल्हे तालुक्यात, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, एका ओढ्याचा काठ माझ्या सांगण्यावरून अगदी झाडूनपुसून साफ केला. त्याच आषाढात खालच्या वळणावरचं अर्धं भातखाचर वाहून गेलं. खाचराचा मालक मला काही बोलला नाही. फक्त बांध कुठे होता ती जागा दाखवायला घेऊन गेला.

झालं काय? कानंदी, गुंजवणी, वेळवंडी या नद्यांना मिळणारे आपले ओढे डोंगरउतारावरून येतात. पाण्याला वेग फार. काठाला पडलेलं खोड, निर्गुडी, वाळुंज यांत पाणी अडखळतं, वेग मोडतो, गाळ तिथंच बसतो. मुळ्या माती धरून ठेवतात. हे सगळं काढलं की तेच पाणी वळणाच्या बाहेरच्या काठावर थेट धडकतं आणि त्याचं बूड कोरतं.

म्हणून प्रवाहाच्या दिशेनं काठाला टेकून पक्कं रुतलेलं खोड राहू द्या. त्याच्या आडोशाला मासळी राहते, हा फायदा वेगळाच. पात्रात आडवं पडलेलं खोड मात्र धोक्याचं. पाणी त्याला वळसा घालून शेतात शिरतं. त्याचा शेंडा तोडून मधली वाट मोकळी करा, बुंधा काठाशीच ठेवा.

मोरी, साकव किंवा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा खाली असेल, तर त्याच्या वरच्या अंगाला सुटा ओंडका एकही ठेवू नका. ओंडका गाळ्यात अडकला की त्याला फांद्या अडकतात, फांद्यांना पेंढा आणि पाचोळा, आणि बघता बघता भिंत उभी राहते. मग पाणी बगलेनं काठ फोडतं. बंधारा जागच्या जागी आणि शेजारचं शेत नदीत! बंधाऱ्याच्या फळ्या पावसाआधी काढल्या की नाहीत, तेही गावानं बघावं. हे काम हमखास राहून जातं.

बेशरम तोडून प्रवाहात सोडू नका. तिची कांडी जिथं अडकेल तिथं रुजते. मुळासकट उपटा आणि काठापासून लांब नेऊन पार वाळवा.

हे सारं काम मे महिन्यातच उरका. पुराच्या पाण्यात ओंडका काढायला कुणीही उतरू नये, पोहणारा कितीही पट्टीचा असला तरी.