शिकाऊ हाताखाली कोणाचा देह?
(पौड, तालुका मुळशी येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शस्त्रवैद्य जन्मतः निष्णात नसतो. त्याचा हात प्रथम कोठेतरी थरथरतो. तो कोणाच्या देहावर थरथरावा, एवढाच माझा प्रश्न आहे. सुश्रुतसंहितेने शिष्यास आधी कोहळ्यावर व भोपळ्यावर छेद घेण्यास सांगितले. पुढे प्रेताचा विटाळ मानणाऱ्या समाजाने ती विद्या बुडविली; १८३६ साली कलकत्त्यास मधुसूदन गुप्तांनी प्रेतावर सुरी चालविली, तेव्हा तो पराक्रम गणला गेला. आणि आजही अनेक शवागारांत सुरी कोण धरतो व अहवालावर सही कोण करतो, हे आपणांस सांगावयास नको!

१९४९ च्या मुंबई शरीररचनाशास्त्र अधिनियमान्वये रुग्णालयात, तुरुंगात वा रस्त्यावर मेलेल्याचा देह जवळच्या नातलगांनी मुदतीत न नेल्यास वैद्यकीय महाविद्यालयास देता येतो. कायद्यात ‘गरीब’ हा शब्द नाही. पण बेवारस मरतो कोण? जिवंतपणीही शिकाऊ हाताखाली बहुधा फुकट वॉर्डातील रोगीच येतो.

आता व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचे यंत्र आले आहे. डोळ्यांवर पडदा, हाती शस्त्रांच्या मुठी. रक्त दिसते, पण कोणाचे सांडत नाही. २००२ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात १६ शिकाऊ डॉक्टरांवर प्रयोग झाला. त्या वेळचे यंत्र साध्या पडद्याचेच होते. तरी त्यावर सराव केलेल्यांनी पित्ताशय सोडविण्याचे काम २९ टक्के लवकर केले. इतरांच्या हातून पित्ताशयास इजा होण्याचा वा भलत्याच जागी भाजण्याचा संभव पाचपट आढळला. यंत्र गुरूची जागा घेणार नाही, मांसाचा खरा स्पर्शही पुरता देणार नाही. पण पहिली चूक यंत्रावर व्हावी, माणसावर नव्हे.

खर्चाचे काय, असे विचारतील. लॅन्सेट आयोगाने २०१५ साली सांगितले की जगात ५०० कोटी लोकांना सुरक्षित व परवडणारी शस्त्रक्रिया मिळत नाही. आणि पश्चिम बंगाल खेत मजदूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच बजावले की अनुच्छेद २१ खालील कर्तव्य टाळण्यास पैशाची सबब शासनास चालणार नाही. लवळ्यास २०२० पासून मुलींचे वैद्यकीय महाविद्यालय आहे, येथे पौडला ग्रामीण रुग्णालय आहे. असे यंत्र जेथे येईल, तेथे तालुक्याच्या डॉक्टरांसही तास राखून मिळाले पाहिजेत.

नव्या नियमांनी वैद्यकीय महाविद्यालयात कौशल्य प्रयोगशाळा सक्तीची केली आहे. शासकीय महाविद्यालयांत कोणती साधने आहेत, प्रत्येक विद्यार्थ्यास किती तास मिळतात, हे २००५ च्या माहिती अधिकार अधिनियमाखाली विचारावयाचे आहे. अर्जाचा मसुदा मी बरोबर आणला आहे. त्यास दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावावा. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे.